मदत हवी आहे: कॉलेजच्या शरद अंकात घंटावाल्या मामांना किती ओळी द्यायच्या?

ग्रंथपाल_इंदूर
८ ऑक्टोबर २०२५

मंडळी, नमस्कार.

इंदूरच्या एका जुन्या खासगी कॉलेजात मी ग्रंथालय सांभाळते. (नाव विचारू नका, इथले निम्मे लोक तसंही ओळखतील.) आमचं वार्तापत्र वर्षातून दोनदा निघतं, एक वसंतात, एक शरदात. आठ पानं, त्यातली सहा हिंदी, दोन मराठी. मराठी पानं टिकलीत ती माजी विद्यार्थ्यांच्या जिवावर. रामबाग, नारायण बागेतले सत्तरीपुढचे काका-काकू अंक हातात पडला की आधी तीच उघडतात आणि चूक दिसली की फोन करतात. आजवर हे काम करणारे सर ३० जूनला निवृत्त झाले, म्हणून यंदा ते माझ्या गळ्यात. शिवाय त्यांच्या निवृत्तीची बातमीही मीच करायची.

पहिलं मराठी पान होऊन जाईल. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्तचं व्याख्यान, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघून नंतर वर्गात पेंगणारी पोरं, २४ सप्टेंबरचा एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) दिवस, परवाची गच्चीवरची कोजागरी. फोटो ढीगभर आहेत. मसाला दूध उतू गेल्याचाही आहे आणि तो मी घालणार आहे. प्रभारी प्राचार्यांना अजून सांगितलेलं नाही.

गाडी अडलीय दुसऱ्या पानावर, 'कर्मचारी वार्ता'त. कार्यालयातून यादी आली. तीन प्राध्यापक एकाच दिवशी, ३० जूनला निवृत्त. योगायोग वाटेल, पण नाही. त्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जुलै जन्मतारीख लावून टाकली, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस नियमानं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. तर या तिघांनी आपापला अर्ध्या पानाचा मजकूर स्वतःच लिहून पाठवलाय. शोधनिबंधांची यादी, परिषदा, एकानं तर परदेशातल्या चर्चासत्रातला फोटोही जोडलाय.

त्याच यादीत सगळ्यात खाली: 'श्री. अमुक, भृत्य, से. नि. ३० सप्टेंबर.' संपलं.

हे आमचे घंटावाले मामा. व्हरांड्यात रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलाय, तो मामा एका जाड बोल्टनं वाजवतात. मध्यंतरी इलेक्ट्रिक घंटा आली होती, पण लाइट गेली की तास संपायचाच नाही, म्हणून रूळ परत लटकला. तास संपल्याचे ठोके सुटे-सुटे, मधल्या सुट्टीचे जोडीनं. परीक्षेत दर अर्ध्या तासाला एकच. आणि पेपर संपायचा ठोका देण्याआधी मामा बोल्ट सदऱ्याला पुसतात. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. तेवढ्यात मागच्या बाकावरचं पोरगं शेवटचं उत्तर उरकतं. १९९८मध्ये याच कॉलेजात मीही असंच एक उरकलंय, त्यामुळे या बाबतीत मी तटस्थ नाही हे आधीच सांगते.

प्रभारी प्राचार्यांचं म्हणणं, 'यादीत जसं आहे तसं छापा, उगाच प्रथा पाडू नका.' आता तिघांना दीड पान आणि मामांना एक ओळ, हे माझ्या हातून होणार नाही. पण मामांचं वाढवलं तर सरांचं कापावं लागेल, आणि तिघेही रोज संध्याकाळी नेहरू पार्कात फिरायला येतात, मीही येते.

आणखी तीन अडचणी आहेत.

नवीन रुजू झालेल्यांच्या यादीत एक अतिथी व्याख्यात्या आहेत. त्या गेली अकरा वर्षं शिकवताहेत, पण दर जुलैत नवं पत्र मिळतं म्हणून दर वर्षी 'नवागतांचे स्वागत'मध्ये त्यांचं नाव येतं. गेल्या वर्षी त्या मला म्हणाल्या, 'माझं इतकं स्वागत माझ्या सासरीही झालं नव्हतं.' यंदा काय करू?

ऑगस्टमध्ये आमचे एक माजी विभागप्रमुख वारले. ती बातमी याच पानावर घ्यायची, की वेगळी?

आणि फॉन्ट. आमचे बाबू सगळं कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकतात. युनिकोडमध्ये नेलं की वेलांट्या सरकतात आणि मथळ्यातलं 'कर्मचाऱ्यांची' हे 'कर्मचार्यांची' असं येतं. असं छापलं तर माझा फोन दिवाळीभर वाजत राहील.

खजुरी बाजारातला छापखानेवाला म्हणतो, १४ तारखेपर्यंत मजकूर द्या, नाहीतर दिवाळीनंतर. सुचवा काहीतरी.

राजवाडा_कट्टा

ताई, मामांना अख्खं पान, तिघा सरांना मिळून उरलेलं. भिया, विषय संपला.

ग्रंथपाल_इंदूर

उरलेलं काहीच नाही हो, पानच एक आहे.

शुद्धीपत्र

फॉन्टचं आधी घ्या, ते सुटण्यासारखं आहे.

कृतिदेवमधून रूपांतर करून ते दुरुस्त करत बसू नका. दोनच पानं आहेत, युनिकोडमध्ये थेट टंका. दुरुस्तीला लागतो त्याहून कमी वेळ लागेल. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची कळ दाबली की 'ऱ' येतो, मग 'डी'ची कळ दाबून हलन्त, मग य. झाला 'ऱ्य'. बाबू साधा र घेतात, म्हणून रफार होऊन तो डोक्यावर चढतो. हिंदीला या 'ऱ्य'ची गरजच नाही, तेव्हा त्यांना दोष देऊ नका. 'ळ' शिफ्ट आणि एनवर आहे. छपाईला 'मुक्ता' फॉन्ट चालेल, फुकट आहे आणि मराठी नीट उमटते. छापखान्यात फाइल देताना पीडीएफ द्या, नाहीतर तिथे पुन्हा कोणीतरी फॉन्ट बदलेल. ल आणि श मराठी वळणाचे आलेत ना, तेही बघून घ्या. तुमचे फोन करणारे काका तेवढं पाहणारच.

दुसरं, मराठी पानावर 'भृत्य' नको. तुमच्याकडच्या सरकारी हिंदीत तो नुसता हुद्दा आहे, मराठीत वाचला की चाकर वाटतो. 'शिपाई' लिहा. तसंच यादीत 'अधिवार्षिकी आयु' असेल तर 'नियत वयोमानानुसार निवृत्त'.

दूरदेशी

मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजच्या कार्यालयात काम करतो, म्हणून आमच्याकडची पद्धत सांगतो. ही इथली दोन वर्षांचे अभ्यासक्रम शिकवणारी सार्वजनिक कॉलेजं. नोकरी करून संध्याकाळी शिकणारे, चाळिशीत परत शाळेत बसणारे, सगळे येतात. (या प्रकारातलं जुनं म्हणून इलिनॉयमधल्या जोलिएटच्या कॉलेजचं नाव घेतात, १९०१चं. भारतातही यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१३च्या सुमारास याच नावाची योजना आणली होती.)

ऑगस्टअखेर सत्र सुरू होतं आणि झाडांची पानं पिवळी पडेपर्यंत आमचं वार्तापत्र येतं. त्यात कर्मचाऱ्यांचे चार भाग: कोण आलं, कोणाचं पद बदललं, कोणाची पाच, दहा, पंधरा, वीस वर्षं भरली, कोण निवृत्त झालं. प्रत्येकाला तीच ओळ: नाव, काम, विभाग, कधीपासून. आडनावाच्या क्रमानं. त्यामुळे गेल्या वर्षी गवत कापणारा माळी आणि गणिताची विभागप्रमुख वरखाली आले होते, कोणाला काही वाटलं नाही. ज्याला जास्त लिहायचंय त्याचं वेबसाइटवर.

फार आदर्श चित्र समजू नका. इथेही अर्धवेळ शिकवणारे पुष्कळ, आणि त्यांना दर सत्राला नवा करार. तुमच्या अकरा वर्षांच्या 'नवागत' बाई इथेही सापडतील. पण तो पाच-दहा वर्षांचा रकाना त्यांच्या उपयोगाचा आहे.

निवृत्त_बाबू

ताई, मी एका कार्यालयात तेहतीस वर्षं याद्याच केल्या. आडनावाचा क्रम आपल्याकडे चालणार नाही, लगेच 'माझं नाव खाली का' सुरू होईल. हुद्द्याचा क्रम तर नकोच. तारखेनं लावा. तारखेशी कोणी भांडत नाही. आणि उलट्या क्रमानं, म्हणजे ताजी बातमी आधी. ३० सप्टेंबर ३० जूनच्या वर येतो, बघा. प्राचार्यांनी विचारलं तर सांगा, बातमीपत्राची हीच रीत आहे.

सरांचं कापताना तुम्ही कापलं असं दिसू देऊ नका. तिघांनाही एकच विचारा: 'सर, प्रत्येकाला साठ शब्द आहेत, तुम्हीच निवडा.' माणूस स्वतःचं स्वतः कापतो तेव्हा रागावत नाही. शोधनिबंधांची यादी ग्रंथालयात लावा, तुमचंच खातं आहे.

निधनाची बातमी या पानावर घेऊ नका. शेवटच्या पानावर, चौकटीत, शेजारी क्रीडास्पर्धेचे ढोल-ताशे नसतील अशी.

आणि फोटोखालची नावं दोनदा तपासा. माझ्या निरोपाची बातमी छापून आली तेव्हा फोटो माझा आणि नाव स्टोअरकीपरचं. त्याला अजून दोन वर्षं होती. बिचारा महिनाभर लोकांना समजावत फिरला. शाल मात्र मला मिळाली.

ग्रंथपाल_इंदूर
११ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. इथवर काय झालं ते सांगते.

साठ शब्दांचा मंत्र लागू पडला. दोन सरांनी एका दिवसात दिलं. तिसऱ्यांनी एकशे चाळीस शब्द पाठवून खाली लिहिलं, 'यातले साठ आपण निवडावेत.' निवडले. परदेशातला फोटो गेला, पण पहिल्या वर्गात खडू आणायला विसरले होते ते वाक्य ठेवलं, कारण ते त्यांनी स्वतःच लिहिलं होतं.

'नवागतांचे स्वागत' काढून तिथे 'सेवेची वर्षे' असा रकाना केला. व्याख्यात्याबाई अकरा वर्षांच्या ओळीत. प्राचार्य म्हणाले, अतिथींची सेवा अशी मोजत नाहीत. मी म्हटलं, ही कार्यालयाची मोजणी नाही, ग्रंथालयाची आहे. त्यांचं कार्ड अकरा वर्षं चालू आहे. त्यावर ते हसले आणि सही केली. दुधाचा फोटोही त्याच सहीत मंजूर करून घेतला.

मामांशी काल तासभर बोलले. १९८७च्या ऑगस्टमध्ये लागले. पहिल्या उन्हाळ्यात काम होतं प्राचार्यांच्या खोलीच्या खसच्या (वाळ्याच्या) टट्ट्यांवर पाणी मारायचं. घंटा पुढे आली, आधीचे घंटावाले गावी गेले म्हणून. रूळ जुन्या मीटरगेजचा आहे, भंगारातून आणलेला, असं ते म्हणतात. बोल्ट पुसण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, 'गंज लागतो.' परीक्षेतच का लागतो, विचारलं. त्यावर मला चहा दिला.

साठच शब्द त्यांनाही, सरांइतकेच. वर तारीख, खाली 'शिपाई, १९८७पासून'.

आता एकच अडचण उरलीय. सर्व्हिस बुकात त्यांच्या आडनावात 'ल' आहे. घरी, लग्नपत्रिकेत, दारावरच्या पाटीवर 'ळ'. कधीतरी हिंदी टंकणाऱ्यानं केलेला बदल, तोच आधारवर आणि पासबुकावर गेला. मराठी पानावर कोणतं छापू?

निवृत्त_बाबू

पेन्शनच्या कागदाला हात लावू नका. अंकात काय छापायचं ते त्यांनाच विचारा.

ग्रंथपाल_इंदूर
१३ ऑक्टोबर

विचारलं. म्हणाले, 'बँकेत ल राहू द्या, तिथे पैसे येतात. इथे ळ टाका, घरचे वाचतील.'

आत्ता मीच टंकला. शिफ्ट आणि एन. फाइल उद्या सकाळी खजुरी बाजारात.