मदत हवी आहे: फ्रीबीएसडीवर लॅपटॉपचं रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वरच अडकलंय

नमस्कार मंडळी,

जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आहे. इंटेलचं अंगचं ग्राफिक्स, पडदा १३६६ × ७६८ चा. एक्सऑर्ग (पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोग्राम) आणि एक्सएफसीई (डेस्कटॉप) व्यवस्थित चालतात, पण चित्र १०२४ × ७६८ चंच येतं आणि आडवं ताणलं जातं. गोल चिन्हं अंड्यासारखी दिसतात!

एक्सरँडर (रिझोल्यूशन बघायची-बदलायची आज्ञा) चालवलं की आउटपुटचं नाव नुसतं 'डीफॉल्ट' येतं, खाली एकच मोड (रिझोल्यूशनचा पर्याय), आणि वर गॅमाचा आकार मिळाला नाही अशी तक्रार. सीव्हीटी या आज्ञेने मोडलाइन (मोडचं वर्णन करणारी ओळ) काढली, तर रुंदी १३६६ ऐवजी १३६८ आली (आठच्या पटीत लागते म्हणे). ती जोडायला गेलो तर एक्सरँडर घेतच नाही. एक्सऑर्गच्या लॉगमध्ये एससीएफबी ड्रायव्हर दिसतो. तो बूटच्या वेळी मिळालेला फ्रेमबफर (पडद्यावरच्या चित्राची मेमरी) तसाच वापरतो, त्यामुळे मोड बदलणार कुठून? खरी गोम तिथेच असावी.

डीआरएम-केमॉड हे ग्राफिक्स ड्रायव्हरांचं पॅकेज टाकलंय, आरसी डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमधल्या केएलडी यादीत (सुरुवातीला चढवायची मॉड्यूल्स) आय९१५केएमएस हे इंटेल ग्राफिक्सचं मॉड्यूल लिहिलंय, स्वतःला व्हिडिओ गटातही घातलंय. तरी मॉड्यूल चढत नाही. कर्नलशी (सिस्टिमच्या गाभ्याशी) आवृत्ती जुळत नाही असा संदेश येतो.

आता प्रश्न: हेच मॉड्यूल पोर्ट्समधून (सोर्सवरून प्रोग्राम बांधायच्या संग्रहातून), माझ्याच कर्नलच्या सोर्सवर बांधलं तर चढेल ना? यंत्राची रॅम जेमतेम आहे, म्हणून आधी विचारतोय. तोवर लोडर डॉट कॉन्फ या बूटच्या सेटिंग फाइलमध्ये ईएफआय मॅक्स रिझोल्यूशन लिहून निदान पडद्याचा मूळ आकार मिळेल का? कोणी केलं असेल तर कृपया सांगा. लिनक्स टाक, हा सल्ला घरातूनच मिळालाय.