क्यूकेनहॉफ: लहान मुलं आणि आईबाबांना घेऊन कधी, कसं जावं?

आम्स्टलव्हेनची_आई
नमस्कार. एप्रिलच्या सुरुवातीला साताऱ्याहून आईबाबा येताहेत, त्यांना इथली, नेदरलँड्समधली ट्युलिपची प्रसिद्ध बाग, क्यूकेनहॉफ दाखवायचीय. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. आईचे गुडघे दुखतात आणि आमच्याकडे गाडी नाही. झेपेल का? ट्युलिप नक्की फुललेले दिसावेत म्हणून कधी जावं? आई गेल्या वर्षापासून विचारतेय, त्यामुळे हे चुकवायचं नाहीये.

लायडनकर
झेपेल, जरूर न्या! बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम आठ आठवडे उघडी असते. आधी क्रोकस, डॅफोडिल, हायसिंथ. ट्युलिपसाठी एप्रिलचा मध्य धरा. थंडी लांबली तर बहर मागेपुढे होतो, पण रिकामे वाफे बघायला लागत नाहीत. दरवर्षी सुमारे ७० लाख कंद लावतात, तेही थरांवर थर: उशिरा फुलणारे खाली, लवकर फुलणारे वर. एक बहर ओसरला की त्याच जागी दुसरा डोकं वर काढतो.

तिकीट ऑनलाइन, वेळ निवडून घ्यायचं. धाकट्याला लागणार नाही, थोरलीला लागेल. शनिवार-रविवार टाळा, सकाळची पहिली वेळ घ्या. शिफोल विमानतळाहून ८५८ नंबरची बस थेट दारात सोडते.

बाग ३२ हेक्टरची आहे, सगळी बघायचा हट्ट नको. रस्ते सपाट आहेत, बाबागाडी सहज जाते, बसायला बाकं भरपूर. पाऊस आलाच तर विलेम-अलेक्झांडर दालनात शिरा. आमच्या लेकीला फुलांपेक्षा खेळायची जागा आणि तिथली जनावरं आवडली, तासभर हलली नाही. तेवढा वेळ आईंना निवांत बसता येईल.

हार्लेमची_मावशी
२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, त्या सुमारास गर्दी फार. बागेबाहेरच्या शेतांत मात्र फोटोसाठी उतरू नका, कितीही मोह झाला तरी. शेतकऱ्याला फूल नको असतं, कंद हवा असतो. तो पोसावा म्हणून ऐन बहरात फुलं खुडून टाकतात. पाय पडला की कंदाचं नुकसान. कास पाहिलेल्या बाबांना हे सांगावं लागणार नाही.

आणि आईबाबा आले की लगेच, घराजवळच्या आम्स्टरडॅमसे बॉस या वनोद्यानातल्या चेरीच्या बागेत जाऊन या. जपानी महिला मंडळाने २००० साली भेट दिलेली ४०० झाडं आहेत. प्रवेश फुकट. सतरंजी न्या, बाळ मनसोक्त रांगेल. बहर लवकर झडतो, तेव्हा उशीर नको.

आम्स्टलव्हेनची_आई
किती आपुलकीने लिहिलंत! आधी चेरी, मग मध्यावर एखादा मंगळवार, ठरलं. आई विचारतेय, ट्युलिपचे कंद साताऱ्याला नेता येतील का?

लायडनकर
नका नेऊ. कंदाला फुलायच्या आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ती साताऱ्यात मिळायची नाही. शिवाय कंद लावायचे शरदात. आईंना बागेत आवडतील त्या जातींची नावं लिहून ठेवा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत लावा, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवा.