मदत हवी आहे: पितळी पाटीवरून जुन्या टगबोटीचं मूळ नाव आणि मालक शोधता येतील का?

मंडळी, सोलापुरात जहाजांची चौकशी केली की लोक हिप्परग्याचा तलाव दाखवतात, म्हणून इथे विचारतोय.

आईचे वडील, आमचे अण्णा, मूळ गुहागरकडचे. मुंबई बंदरात कोळशावर चालणाऱ्या एका टगवर (मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट) आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते. पुढे इथल्या गिरणीत बॉयलरवर लागले आणि सोलापूरचेच झाले. त्यांच्या ट्रंकेत एक लंबगोल पितळी पाटी, एक फोटो आणि टगच्या सारंगाचं (खलाशांच्या मुख्याचं) एक पत्र निघालं.

पाटीवर कारखान्याचं नाव पार घासलंय. 'पेझली', '1912' आणि एक तीन आकडी नंबर तेवढा वाचता येतो. पेझली हे स्कॉटलंडमधलं, ग्लासगोशेजारचं गाव. टग आणि ड्रेजर (गाळ उपसणाऱ्या बोटी) बांधणारे 'फ्लेमिंग अँड फर्ग्युसन' आणि 'बो, मॅक्लाक्लन' दोघेही तिथलेच, त्यामुळे यांच्यापैकीच कुणीतरी असावं.

खरी पंचाईत नावाची आहे. फोटोत नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, इंग्रजी नाव आहे, पण धक्का झेलायला लावलेल्या दोरखंडाच्या फेंडरमागून शेवटची 'टी-ओ-एन' एवढीच अक्षरं दिसतात. पत्र स्वातंत्र्यानंतरचं. त्यात सारंग लिहितो, 'आपली राणी नव्या शेठकडे गेली. धुरांडं कापलं, आता डिझेल बसवणार.' आता 'राणी' हे शेठने रीतसर बदललेलं नाव, की खलाशांनी लाडाने ठेवलेलं? मामा तर म्हणतो, या दोन वेगळ्याच बोटी. मला ते पटत नाही. वेगळी असती तर सारंगाने 'आपली' कशाला लिहिलं असतं?

लॉइड्स रजिस्टरचे, म्हणजे जहाजांच्या छापील यादीचे, जुने खंड चाळले. त्यात साधारण 100 टनांच्या वरचीच जहाजं असतात, आणि आमची टग त्याहून लहान दिसते. पुढे कुठे बघू? 1947 नंतर मालकी बदलली तर नोंद कुठे मिळेल?

प्रतिसाद, दर्यावर्दी:
नावामागे लागू नका, नंबर शोधा. ब्रिटिश कायद्याने नोंदलेल्या जहाजाला ऑफिशियल नंबर मिळायचा. तो मुख्य तुळईवर कोरलेला असे आणि नाव किंवा मालक बदलला तरी तोच राही. अशा नोंदलेल्या जहाजांच्या यादीचे, 'मर्कंटाइल नेव्ही लिस्ट'चे, 1940 पर्यंतचे बरेच खंड 'क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट'च्या साइटवर फुकट आहेत. नोंदणीचं बंदर मुंबई असलेल्या वाफेच्या बोटींत 'टन'ने संपणारी नावं बघा, समोर मालकही सापडेल. फक्त बंदराच्या आत फिरणाऱ्या बोटींची नोंद तिथे असेलच असं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या मालकीसाठी मुंबईच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटमध्ये (जहाजांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) लेखी अर्ज करा. स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या जहाजांचा वेगळा डेटाबेस आहे. त्यात यार्ड नंबर (बांधणाऱ्या कारखान्याने बोटीला दिलेला क्रमांक) टाकला तर पुढची नावंही बहुधा मिळतात.

पण आधी एक सांगा, पाटी बोटीची की इंजिनाची? इंजिनाचा नंबर वेगळा असतो. तो यार्ड नंबर समजून शोधलात तर भलतीच बोट हाती लागेल. शिवाय हे कारखाने दुसऱ्यांच्या बोटींसाठीही इंजिनं करत.

धागाकर्ता:
आभारी आहे! आत्ताच पाटी उलटी करून टेबलावर ठेवली, तर ती मधोमध किंचित वळलेली आहे. सपाट भिंतीवर बसलीच नसती. म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरच्या आवरणावरची धरू का? मागच्या बाजूचा फोटो संध्याकाळी टाकतो.