टॅलीचा डेटा आणि घरचे फोटो, बॅकअप कसा ठेवायचा?

इतवारीवाला:
भाऊ, इतवारीत किराण्याचं होलसेल दुकान आहे, हिशोब टॅलीत, कॉम्प्युटर एकच, पोरांचे फोटो पण त्यातच. बाजूच्या गाळ्यात व्हायरस आला न् सगळ्या फायली लॉक, स्क्रीनवर पैसे मागायची नोट. तेव्हापासून झोप नाही. एक्स्टर्नल हार्डडिस्क घेऊन कायमची जोडून ठेवली तर चालते का?

धरमपेठकर:
कायमची नका जोडू भाऊ! रॅन्समवेअर, म्हणजे हाच फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, जोडलेली डिस्क पण लॉक करते. दोन डिस्क घ्या, टॅली प्राइममध्ये ऑल्ट वाय दाबून बॅकअप, रोज दुकान बंद करताना घ्यायचा आणि डिस्क काढून ठेवायची, एक दुकानात एक घरी, आठवड्याला अदलाबदल. म्हणजे आग लागो की चोरी होवो, एक कॉपी वाचतेच. आणि मे महिन्यात डिस्क गाडीत ठेवू नका, नागपूरचं ऊन माहीत आहे ना.

सीए_ताई:
जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, त्यामुळे जुन्या वर्षांचा डेटा पण बॅकअपमध्ये घ्या, फक्त चालू वर्षाचा नको.

इतवारीवाला:
धन्यवाद ताई. फोटो गुगल ड्राइव्हवर टाकले तर झालं ना?

धरमपेठकर:
फुकटात १५ जीबीच मिळतं, त्यात जीमेल पण आलं. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नाही, इकडे डिलीट केलं की तिकडूनही जातं, ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. म्हणून फोटो डिस्कवर पण ठेवाच. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅलीचा बॅकअप रिस्टोर करून लेजर (खाती) उघडून बघा, म्हणजे बॅकअप खरंच चालतो का ते कळते.