पहाटे टायरचा दिवा लागतो, उजाडेपर्यंत विझतो. सेन्सर गेला का?

पहाटपाळी: चार दिवस हाच खेळ चाललाय. साडेपाचला गाडी सुरू केली की तो पिवळा दिवा, घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह. वीसेक मिनिटं चालवली की गुपचूप विझतो. वाकून पाहिलं, खिळा नाही. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावली, बुडबुडा नाही. मेकॅनिक म्हणतो सेन्सर बदला. गाडीवर हवेचा दाब 33 पीएसआय लिहिलाय. बदलू का?

पाना_पक्कड: थांबा. सेन्सर बिघडला असता तर दिवा आधी मिनिटभर लुकलुकला असता आणि मग लागून राहिला असता. तुमचा सरळ लागतोय, म्हणजे हवा खरंच कमी आहे. पारा साधारण साडेपाच अंश उतरला की एक पीएसआय जातो. चालवल्यावर टायर तापतो, तीन-चार पीएसआय चढतात, म्हणून दिवा विझतो. हवा शेवटची कधी भरली?

पहाटपाळी: उन्हाळ्यात. दुपारी, लांबून आल्या आल्या.

पाना_पक्कड: झालं तर! तापलेल्या टायरमध्ये 33 म्हणजे गार झाल्यावर 33 नाहीच. त्यावर ही थंडी. गाडी किमान तीन तास उभी असताना मोजा. आणि आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्या, टायरवर कोरलेला नको. ती कमाल मर्यादा असते.

हवाबाण: नायट्रोजन भरा, कटकट मिटेल.

पाना_पक्कड: साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. थंडीत तोही तितकाच आकसतो.

पहाटपाळी: आज पहाटे गेज लावला. बोटं बधिर झाली, दोनदा व्हॉल्व्हची टोपी हातातून निसटली. तीन टायर 27. मागचा डावा 24.

पाना_पक्कड: मग एकट्या थंडीवर ढकलू नका. ती चारही टायरना सारखीच लागते. मागच्या डाव्याचे जास्तीचे तीन पीएसआय कुठून तरी जातायत. साबणाचं पाणी लावा, रिमच्या कडेनंही.

पहाटपाळी: सापडलं. व्हॉल्व्ह जरा वाकवला तर रबराच्या मुळाशी बारीक फेस येतोय. मी थुंकी लावत बसलो होतो वरच्या तोंडाला! व्हॉल्व्ह नवा टाकला, गार टायरमध्ये चारही 33 केले. तीन पहाटा झाल्या, दिवा नाही. मेकॅनिकला काय सांगायचं तेवढं ठरवतोय.