डिलक्स रिव्हर्ब: एक चॅनल गोल, दुसरा टोचरा. बिघाड की सर्किटच तसं?

मंडळी, मदत हवी आहे. मामांचा सत्तरच्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब (गिटारचा ट्यूबवाला अँप्लिफायर, दोन चॅनलचा: नॉर्मल आणि व्हायब्रॅटो) दिवाळीपासून माझ्याकडे पाचपाखाडीत आलाय. मामा ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मागची फळी काढली की आत अजून उदबत्तीचा वास येतो. अमेरिकन व्होल्टेजचा आहे, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो.

नॉर्मल चॅनलला टेलिकास्टर लावली की आवाज कसा गोल, भरलेला. तीच गिटार, तीच केबल व्हायब्रॅटो चॅनलला लावली की वरच्या तारा सुईसारख्या टोचतात. (नाव व्हायब्रॅटो, पण हलतो आवाज, सूर नाही. म्हणजे ट्रेमोलोच. फेंडरचा घोळ.) ट्रेबल ३ वर आणूनही तेच. दोन्ही चॅनल जंपर केले (छोट्या केबलने जोडून एकदम वाजवले) तर आवाज वाढायचा सोडून खालचा बेसच गायब!

एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच 'आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबचा आवाज स्पीकरला देणारा) गेला' म्हणून सांगितलं. पण तो तर दोन्ही चॅनलना एकच, मग नॉर्मल कसा नीट वाजतो? पहिल्या दोन ट्यूब आपसात बदलून पाहिल्या, फरक शून्य.

मग एबी ७६३ चा, म्हणजे या अँपच्या सर्किटचा, नकाशा घेऊन बसलो. व्हायब्रॅटोच्या व्हॉल्यूम पॉटवर (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरवर) ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर आहे, नॉर्मलवर नाही. व्हॉल्यूम कमी असताना ट्रेबल त्यातून पॉटला वळसा घालून पुढे जातो. पॉट पूर्ण उघडला की त्याचा परिणाम संपतो. आणि मी आठव्या मजल्यावर! २ च्या पुढे गेलो की खालचे काका बेल वाजवतात. म्हणजे टोचायचं तेवढंच माझ्या वाट्याला.

जंपरचं कोडं असं सुटतंय: नॉर्मलचा सिग्नल ट्रायोडच्या (ट्यूबमधला आवाज वाढवणारा भाग) दोन टप्प्यांतून जातो, व्हायब्रॅटोचा रिव्हर्ब (घुमणारा आवाज) मिसळण्यासाठी तिसऱ्यातूनही. प्रत्येक टप्पा सिग्नल उलटा करतो, म्हणून शेवटी दोघं एकमेकांविरुद्ध, एकत्र आले की एकमेकांना खोडतात. ऐरोलीच्या मित्राकडे जुन्या मार्शल अँपची नक्कल आहे. तिथे दोन्ही चॅनल एकेका टप्प्यानंतरच एकत्र येतात, त्यामुळे जंपर केलं की आवाज मस्त जाड होतो. मी त्याचं बघून इथे केलं, तिथेच फसलो.

आता विचारायचं एवढंच. ब्राइट कपॅसिटरचा एक पाय सोडवून ठेवला तर चालेल ना? पाय छाटणार नाही, उद्या विकायची वेळ आली तर परत जोडता यावा. की लहान किमतीचा घालू? नॉर्मल चॅनललाच रिव्हर्ब देता येतो म्हणतात, ते कुणी करून पाहिलंय का?

आणि ठाणे-नवी मुंबईत ट्यूबवर हात बसलेलं कुणी असेल तर व्यनि करा. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात, त्यामुळे मी स्वतः सोल्डरिंग करणार नाही. बायकोने तसं वदवूनच घेतलंय.

बोर्डाचे फोटो रात्री टाकतो.