कारवानी गेली. पुढचं पिल्लूही कारवानीचंच आणावं का?

माळावरचा

आमची हरणी, कारवानी जातीची शिकारी कुत्री, या पावसाळ्यात गोचीड तापाने गेली. दुसरं पिल्लू आणायचं, कारवानीचंच आणायचं आणि फार दिवस घालवायचे नाहीत, असं माझं मत आहे. त्यावरून घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, आता कुत्रंच नको. मुलगा म्हणतो, शिकार बंद होऊन इतकी वर्षं झाली, मग शिकारी जात कशाला? इथे या विषयातली माणसं आहेत, म्हणून मांडतो.

आम्ही जत तालुक्यातले. कोरडवाहू शेती आणि थोडी मेंढरं. आजोबांच्या काळी कारवानी घेऊन ससे मारायला माळावर जायचे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते हळूहळू सुटलं, पण कुत्री दारात राहिली, कारण शेतात त्यांना काम होतं. हरणी बांधावर उभी राहायची, मान वर, कान मागे मुडपलेले. जमीन हुंगत फिरणं तिच्यात नव्हतंच, ही जात डोळ्यांवर चालते. लांबच्या कोपऱ्यात भुईमूग हलला की न भुंकता सुटायची. पळताना चारही पाय जमिनीवरून सुटायचे, एकदा अंग आवळलं की आणि एकदा पूर्ण ताणलं की. रानडुकरं बांधापलीकडे गेली की एका हाकेसरशी माघारी यायची.

ज्याने हे पाहिलंय त्याचा जीव दुसऱ्या कुत्र्यात रमत नाही. शिवाय जात टिकते ती कामावर पाळणाऱ्यांमुळे. आम्ही शेतकऱ्यांनी पुढचं पिल्लू आणणं थांबवलं, तर उरतील ती फक्त प्रदर्शनात फिरवायची कुत्री.

तळ्याकाठची

दादा, हरणीचं वाचून वाईट वाटलं. पण एवढ्या लिखाणात तुमच्या आईचं ‘नको’ एका ओळीत संपलं. हरणीला भाकरी कुस्करून कोण घालत होतं? आजारपणात रात्री उशाशी कोण बसलं होतं? बहुतेक घरांत कुत्रं आणायचं बाप्यांनी ठरवायचं आणि त्याचं खाणंपिणं, दुखणंखुपणं बायकांकडे, असंच असतं. मग निर्णयात तिचा शब्द पहिला नको का?

माझ्या वडिलांनी जुना कुत्रा गेल्यावर लगेच त्याच रंगाचं पिल्लू आणलं आणि नावही तेच ठेवलं. ते पिल्लू गुणाचं होतं. पण ‘आधीचा असा नव्हता’ हे ऐकतच त्याचा जन्म गेला. तुम्ही आत्ताच लिहिताय की दुसऱ्या कुत्र्यात जीव रमत नाही. ही मनःस्थिती नवं पिल्लू आणण्याची नाही. आईचा जीव थाऱ्यावर येऊ द्या, तुमचाही येईल.

लांडगेवाला

मी ताईंच्या बाजूचाच, पण कारण वेगळं. सांगली-सोलापूरचा माळ ओसाड नाही. तिथे लांडगा, खोकड, ससा आणि काळवीट राहतात. मोकळं सोडलेलं कारवानी ससा आणि रानडुक्कर यांत फरक करणार नाही, ते हलेल त्याच्यामागे धावेल. कायद्यात कुत्रं घालून जनावर मारणं हीसुद्धा शिकारच आहे. ससाही संरक्षित आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्याहून मोठी काळजी रोगांची आहे. लस न दिलेल्या कुत्र्याकडून डिस्टेंपर हा विषाणूचा रोग लांडग्यांत शिरला तर कळपच्या कळप संपतो. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. आपल्या हौसेपायी माळावरचा लांडगा संपायला नको. तुमचा मुलगा योग्य बोलतोय.

गल्लीतली माया

रस्त्यावर एवढी गावठी पिल्लं गाडीखाली मरतात. जातिवंत विकत आणण्यापेक्षा त्यांतलं एक घरी न्या. अंगाने काटक असतात, राखणीलाही उत्तम.

माळावरचा

माया ताई, गावठी कुत्र्यांना मी कमी लेखत नाही, वस्तीवर दोन आहेत. पण दीड एकराच्या पलीकडच्या कोपऱ्यातून डुकरं हाकलणं त्यांच्याने होत नाही.

लांडगेवाले, हरणी दिवसा माझ्या नजरेसमोर असायची आणि रात्री साखळीला. तिने कळपाला हाकललं, पाठलाग करून पाडलं नाही. ही शिकवण पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढवून द्यावी लागते, आणि ती देणारी माणसं आमच्याकडे अजून आहेत.

ताई, काल आईजवळ बसलो. ती म्हणाली, “कुत्र्याला माझी ना नाही. पण तसलं मरण परत डोळ्यांनी बघवायचं नाही.” तेव्हा आता खरा प्रश्न गोचिडाचा आहे.

गुरांचा डॉक्टर

मग त्याबद्दलच बोलतो, कारण नवं पिल्लू कधी आणावं याचं एक उत्तर तुमच्या भिंतींत आहे. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. पोट रिकामं असलं तरी ती महिनोन्महिने तग धरते. हरणी जिथे बसायची तिथेच पिल्लू बांधलंत, तर त्याच गोचिडी त्याच्या अंगावर चढतील. आधी भेगा लिंपा आणि जागेवर औषध फवारा. अंडी नंतर फुटतात, म्हणून थोड्या अंतराने पुन्हा फवारा. पिल्लू आल्यावर त्याच्या वयाला आणि वजनाला चालेल ते गोचीडनाशक डॉक्टरला विचारून सुरू करा आणि चुकवू नका. कुत्र्याने खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, ताप आला, की त्याच दिवशी रक्त तपासा. सुरुवातीला सापडलेला गोचीड ताप डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने आटोक्यात येतो. नाकातून रक्त येण्याची वाट पाहायची नसते.

कारवानीबद्दल आणखी एक. या जातीच्या अंगावर चरबी अगदी कमी, त्यामुळे भुलीची काही औषधं त्यांना जड जातात. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरला जात आवर्जून सांगा.

थांबावं की आणावं, यात मी ताईंच्या मताचा नाही. घर गोचीडमुक्त झालं आणि माउली तयार असेल तर शोकाची मुदत मोजत बसू नये.

यारावाठी

मी मेलबर्नला असते. शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड कुत्री इथे घरोघर दत्तक दिली जातात. तीही कारवानीसारखीच, नजरेवर पळणारी. आमची कुत्री दिवसातला बहुतेक वेळ सोफ्यावर झोपते. २०१९पासून आमच्या व्हिक्टोरिया राज्यात पाळीव ग्रेहाउंडला मुसकी बांधायची सक्ती उरली नाही, बाहेर पट्टा मात्र सक्तीचा आहे. कुंपण घातलेल्या मैदानात मनसोक्त पळवलं की ती तृप्त असते. तेव्हा शिकारी जात शिकारीवाचून झुरते, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण पट्टा सोडायचा नाही, हे लांडगेवाल्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

शिलालेखप्रेमी

कर्नाटकातल्या आतकूरचा इसवी सन ९४९-५०चा शिलालेख या धाग्यावर यायलाच हवा. राष्ट्रकूट कृष्ण तिसरा आणि चोळ यांच्या तक्कोलमच्या लढाईनंतर मणलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून जमीन किंवा सोनं न मागता ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघंही मेली. काळीसाठी देवळासमोर दगड उभा केला आणि जमीन लावून दिली. तो दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. मणलेराने नंतर दुसरी कुत्री पाळली का, हे त्यात नाही. पण गेलेल्या कुत्रीचा मान राखायचा असेल तर आधी तिची आठवण कुठेतरी कायम करा, मग पिल्लाकडे वळा.

सीमाभागातला

माळावरचे, पिल्लू बघायला कर्नाटकातल्या मुधोळकडे आलात तर घाई करू नका. तिकडे ‘मुधोळ’ म्हणतात, आपल्याकडे ‘कारवानी’, कान-शेपटीला केसांची झालर असली तर ‘पश्मी’. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, २००५ला तिचं पोस्टाचं तिकीट निघालं, पुढे लष्करानेही मेरठच्या केंद्रात तिला शिकवायला घेतलं. तेव्हापासून मागणी वाढली आणि बाजारात काहीही खपायला लागलं. बरगड्या दिसणारं कोणतंही उपाशी पिल्लू ‘कारवानी’ म्हणून गळ्यात मारतात. आईबाप दाखवत नसेल त्याच्या दारातून परत फिरा. आईला मोकळ्यावर पळताना बघा, ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते बघा. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याची नोंदणीही लागते. ती मागायला लाजू नका. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, आधी तिथे चौकशी करा.

तळ्याकाठची

आईंनीच ‘ना नाही’ म्हटलं असेल तर माझा विरोध संपला. फक्त पिल्लू निवडायला त्यांना बरोबर न्या. आणि नाव नवं ठेवा.

माळावरचा

नाव आईच ठेवणार आहे. हरणीला पुरलं तिथे लिंब लावलाय. या आठवड्यात भेगा लिंपायला घेतो, दोन्ही फवारण्या झाल्या की दिवाळीनंतर आईला घेऊन तिम्मापूर. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू माळावर जाणार नाही, हा शब्द लांडगेवाल्यांना.

लांडगेवाला

लसीचा शब्द दिलात, आभार. रात्रीची साखळीही मान्य. पण दिवसा पट्ट्याविना सोडण्याला माझा विरोध कायम आहे. तुमच्या हरणीसारखं हाक ऐकणारं कुत्रं प्रत्येकाकडे नसतं, आणि एकाचं बघून दहाजण सोडतात. डुकरांसाठी सौर कुंपण घाला.

माळावरचा

कुंपणाची चौकशी केली होती. तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीला ते परवडत नाही. चार भाऊबंद मिळून घालायला तयार झाले तर मी पहिला पैसे काढीन. तोवर बांधावर कारवानीच उभी राहील.